रिकाम्या लेनचं गणित

पिंपरी-चिंचवडमधल्या डांगे चौकातला सिग्नल लाल होता आणि आमची रिक्षा चौथ्या-पाचव्या रांगेत अडकली होती. उजव्या हाताला कठड्यापलीकडे बीआरटीची, फक्त बससाठी राखलेली लेन. पूर्ण मोकळी. तिच्या मधोमध एक कुत्रं बसून निवांत कान खाजवत होतं. रिक्षावाले दादा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बघा साहेब, अख्खी लेन रिकामी. आणि आपण इथं सडतोय."

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, कारण डोळ्यांना दिसत होतं ते त्यांच्याच बाजूचं होतं. म्हणून मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं. कुत्रं उठलं. बहात्तर सेकंदांनी बस आली आणि गेली. बसायला जागा नव्हती, दांड्याला धरून दहा-बारा जण उभे होते. अंदाजे पन्नास माणसं. पुन्हा लेन रिकामी. आमचा सिग्नल सुटला, आम्ही तीस-चाळीस फूट सरकलो आणि पुन्हा थांबलो.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. बारा मीटर लांबीची बस ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला दहा मीटर जात असेल, तर रस्त्यावरच्या कुठल्याही एका ठिपक्यावरून पार व्हायला तिला लागतात सव्वा सेकंद. मिनिटाला एक बस धरली तरी त्या ठिपक्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला साठपैकी अठ्ठावन्नहून अधिक सेकंद लेन मोकळीच दिसणार. तरीही तिथून तासाला तीन हजार माणसं गेलेली असतात. आमच्या बाजूचं काय? साडेतीन मीटरच्या एका लेनमधून, दिवा तासभर हिरवाच राहिला तर, अठराशेच्या आसपास मोटारी सुटतात. चौकात तो एक-तृतीयांश वेळच हिरवा असतो, म्हणून सहाशे. एका मोटारीत दीड माणूस धरा: नऊशे. मोटारी नाहीतच, सगळ्या दुचाकीच आहेत आणि त्या निम्मी जागा घेतात असं उदारपणे मानलं, तरी अठराशे. खच्चून भरलेली दिसणारी लेन अठराशे माणसं नेते आणि कुत्र्याला बसायला जागा देणारी लेन तीन हजार.

चिंचवड स्टेशनच्या पुलावर उभं राहून कुणी कधी म्हणत नाही की बघा, रूळ रिकामे पडलेत. लोकल येऊन गेली की पुढची येईपर्यंत ते तसेच असणार हे आपण पोटात घातलेलं असतं. रस्त्याच्या बाबतीत मात्र मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असं आपलं मन पक्कं धरून बसतं. बीआरटीचं नियोजन म्हणजे हे रिकामेपण जपायचं काम आहे, आणि ते जपण्यासाठी माणसं किती बारीकसारीक गोष्टींत शिरतात हे कळत गेलं तसा मी चकित होत गेलो.

सुरुवात मोजणीपासून होते. नाक्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून तक्त्यावर रेघोट्या मारणारी कॉलेजची पोरं तुम्ही पाहिली असतील. ती वाहनं मोजतात. पण रिक्षा, टेम्पो, बुलेट, बस यांची बेरीज करायची कशी? म्हणून वाहतूक अभियंत्यांनी सगळ्यांचं एका नाण्यात रूपांतर केलं आणि ते नाणं म्हणजे मोटार. बस साधारण तीन मोटारींएवढी, दुचाकी अर्ध्या मोटारीएवढी, अशा हिशेबाने रस्त्याची गर्दी एका आकड्यात येते. पद्धत सोयीची आहे, पण त्या तक्त्यात बस म्हणजे तीन मोटारींएवढा अडथळा होतो आणि आतली साठ माणसं गळून जातात. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनं नव्हे, माणसं हलवायची असं म्हटलं, ते याच गळतीवर बोट ठेवून.

मग दुसरी मोजणी लागते. यात माणूस रस्त्याकडेला उभा राहतो आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक बसला एका नजरेत गुण देतो: रिकामी, अर्धी भरलेली, बसायला जागा नाही, दारात लटकलेले. बस दोन सेकंदांत जाते, तेवढ्यात मार्ग क्रमांक, वेळ आणि गर्दीचा दर्जा, तिन्ही लिहायचं. सरावलेली माणसं खिडक्यांमधून दिसणाऱ्या उजेडावरून सांगतात म्हणे. आतून उजेड आरपार दिसला तर उभं कुणी नाही, तुटक दिसला तर मधल्या वाटेत माणसं आहेत. कोट्यवधी रुपयांचा रस्ता कुठून न्यायचा याचा निर्णय अशा कागदांच्या गठ्ठ्यावर उभा असतो, ही गोष्ट मला फार आवडते.

पिंपरी-चिंचवड हे शहरच या कामासाठी विचित्र रीतीने तयार झालेलं होतं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग भोसरीची एमआयडीसी, मोटारी आणि स्कूटरींचे मोठे कारखाने. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली, १९८२मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात, १९७२मध्ये, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीकडच्या माळावर आखीव पेठा व रुंद रस्ते आले. पुण्याच्या पेठांमध्ये बस वळवायची म्हणजे ड्रायव्हरची परीक्षा. इथं मात्र दापोडी ते निगडी हा जुना पुणे-मुंबई महामार्ग ६१ मीटर रुंद, आणि औंध-रावेत किंवा नाशिक फाटा-वाकड हे रस्ते ४५ मीटरचे. माणसं यायच्या आधी रस्ता तयार होता. माणसं मग आली: २००१च्या जनगणनेत दहा लाखांवर असलेली लोकसंख्या २०११मध्ये सव्वासतरा लाख झाली.

पण उपनगरी शहराची एक खोड असते. इथं सगळे एकाच ठिकाणी जात नाहीत. कुणी वाकडहून भोसरीला, कुणी सांगवीहून हिंजवडीला, कुणी रावेतहून थेट पुण्यात. कंपनीच्या पाळ्यांमुळे दिवसातून तीनदा रस्ता भरतो आणि ओसरतो. एका सरळ रेषेत बस पळवून ही गरज भागत नाही. मेट्रोला रुळाबाहेर पाय टाकता येत नाही, बसला येतो. म्हणून इथल्या बीआरटीची रचना उघडी ठेवली आहे: बस कुठल्यातरी वस्तीतून साध्या रस्त्याने येते, कॉरिडॉरमध्ये शिरून सुसाट निघते आणि पुढे पुन्हा बाहेर पडून आपल्या वाटेला लागते. नदीत ओढे मिसळावेत आणि पुढे कालवे फुटावेत तसं.

ऐकायला ही सोय साधी वाटते. तिच्यामुळे बसचं अंगच बदलावं लागतं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे साध्या बसचं दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. बीआरटीचं स्थानक असतं रस्त्याच्या मधोमध, म्हणजे बसच्या उजवीकडे. मग उजवीकडे दार हवं, तेही फलाटाच्या उंचीवर. आणि कॉरिडॉरबाहेर पडल्यावर लोकांनी उतरायचं कुठून? तर डावीकडून, पायऱ्यांवरून. एका बसला दोन स्वभाव.

स्थानक मधोमध का, असा प्रश्न पडतोच. कडेला काय नसतं आपल्याकडे! उभ्या केलेल्या गाड्या, वडापावची गाडी, सोसायटीचं फाटक, दुकानात माल उतरवणारा टेम्पो, वळणाऱ्या रिक्षा. कडेची लेन बसला दिली तर ती दिवसभर माफी मागत चालेल. मधल्या पट्टीवर यातलं काहीच पोहोचत नाही. त्याची किंमत चालणारा माणूस मोजतो: त्याला प्रत्येक वेळी अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. या किमतीची सोय न करता घाई केली की काय होतं ते पुण्याने पाहिलं. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग सुरू झाला, अर्धवट कामांसह, आणि स्थानकापर्यंत जिवंत पोहोचायचं कसं हाच लोकांचा पहिला प्रश्न होता.

आता त्या पायरीकडे येऊ, कारण सगळ्या प्रकरणाचा जीव तिच्यात आहे.

साध्या बसमध्ये चढताना काय होतं ते एकदा मुद्दाम बघा. बस कडेला लागते, माणूस दांडा शोधतो, एक पाय वर, पिशवी दुसऱ्या हातात, मग दुसरी पायरी, मग तिसरी. वरचा माणूस पुढे सरकेपर्यंत मागच्याने थांबायचं. उतरणारे त्याच दारातून उतरत असतील तर आणखी थांबायचं. एका माणसाला सहज तीन सेकंद जातात, गुडघे दुखणाऱ्या आजींना दहा. फलाट आणि बसचा तळ एका पातळीत असेल आणि दार रुंद असेल, तर दोन माणसं शेजारी शेजारी चालत आत जातात. माणशी एक सेकंद, कधी त्याहूनही कमी.

दोन सेकंदांची बचत हसण्यावारी नेण्यासारखी वाटते. पण स्थानकाला एक बस किती वेळ अडवते यावर अख्ख्या रस्त्याची ताकद ठरते. समजा बस येऊन, थांबून, पुढे निघून जागा मोकळी करायला ३० सेकंद लागतात. तासात ३,६०० सेकंद, म्हणजे १२० बस? तसं होत नाही. बस घड्याळाच्या ठोक्यावर येत नाहीत. कधी दोन एकदम, कधी तीन मिनिटं एकही नाही. जागा जितकी जास्त वेळ भरलेली, तितकी नव्याने येणाऱ्या बसला बाहेर ताटकळावं लागण्याची शक्यता वाढते, आणि ती हळूहळू नाही, एकदम उसळी घेऊन वाढते. म्हणून नियोजनकारांचा ठोकताळा असा की थांब्याची जागा तासातला सुमारे चाळीस टक्के वेळच व्यापलेली असावी. १२०चे चाळीस टक्के, ४८ बस. आता चढण्या-उतरण्यात दहा सेकंद वाचले आणि ३० सेकंदांचे २० झाले, तर तोच हिशेब ७२ बसवर जातो. नवा रस्ता नाही, उड्डाणपूल नाही, पायरी काढली एवढंच.

आणि बघा, रिकामेपण इथंही आलं. साठ टक्के वेळ ओस पडलेला फलाट म्हणजे बरोबर आखलेला फलाट.

पायरीची ही गोष्ट सगळ्यात आधी मनावर घेतली ती ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने. जाइमे लर्नर नावाचे वास्तुरचनाकार १९७१मध्ये तिथले महापौर झाले. मेट्रो परवडणारी नव्हती, तेव्हा १९७४पासून त्यांनी रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी लेन दिल्या आणि त्या कण्याच्या दोन्ही अंगांनाच उंच इमारतींना परवानगी दिली, म्हणजे माणसं बसच्या जवळ राहतील. पिंपरी-चिंचवडमध्येही कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात जास्त बांधकाम होऊ देण्याची कल्पना आली ती याच घराण्यातली. कुरितिबात १९९१मध्ये काचेच्या नळीसारखी स्थानकं उभी राहिली. तिकीट नळीत शिरतानाच काढायचं, नळीची फरशी बसच्या तळाएवढी उंच, आणि बस थांबली की तिच्या दारातून किल्ल्याच्या खंदकावर पडावा तसा छोटा पूल फलाटावर आदळतो. मधली फट गायब.

फट हा या क्षेत्रातला स्वतंत्र विषय आहे. बस फलाटाला अगदी चिकटून उभी करणं ड्रायव्हरला नको असतं, कारण पत्रा घासला की त्याला जाब द्यावा लागतो. म्हणून तो हातभर लांब थांबतो, आणि मग लहान मूल, काठी, चाकाची खुर्ची, सगळं त्या हातभर दरीशी अडतं. जर्मनीतल्या कासेल शहरात यावर एक खास घडणीचा कठड्याचा दगड निघाला. त्याची बाजू सरळ उभी नसून खाली बाकदार असते. टायर तिच्यावर किंचित चढतो आणि आपोआप परत रस्त्याकडे घसरतो, त्यामुळे पत्र्याला ओरखडा न येता बस फलाटाच्या अगदी जवळ नेता येते. ड्रायव्हरची भीती दगडाने काढली.

फलाटाची उंची ठरवणं हे तर लग्नासारखं. भारतात शहरी बसच्या तळाची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर अशी धरतात. एकदा फलाट ९००चा बांधला की पुढची पंचवीस वर्षं तिथे ९००ची बस लागणार. महापौर बदलतात, बस कंपन्या बदलतात, इंधन डिझेलवरून सीएनजीवर आणि विजेवर जातं. फलाट तिथंच, तेवढाच.

पायरीचे दोन सेकंद आणखी एका ठिकाणी उगवतात, आणि ते ठिकाण वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. तासभर बस नाही आणि मग एकदम तीन, ही आपली पिढीजात तक्रार. आपण डेपोला शिव्या देतो. १९६४मध्ये गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी दाखवून दिलं की कुणाचीही चूक नसली तरी हे घडणारच. एखादी बस मिनिटभर मागे पडली. त्या मिनिटात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमली. त्यांना घ्यायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागे पडते, पुढे आणखी जास्त माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे साफ केलेले मिळतात, ती कमी थांबते, पुढे सरकत येते आणि शेवटी पहिलीच्या शेपटीला लागते. दोन चुंबक रस्त्यावर सोडल्यासारखं. वाईटावर वाईट किती वेगाने चढत जाईल हे एका आकड्यावर अवलंबून असतं: माणसं किती वेगाने जमतात, भागिले ती किती वेगाने चढतात. मिनिटाला चार माणसं आणि माणशी तीन सेकंद, तर मिनिटभर उशीर पुढच्या थांब्यावर बारा सेकंदांनी वाढतो. माणशी एक सेकंद असेल तर चारच सेकंदांनी. पायरी काढली की गुच्छ सैल होतो.

या गुच्छाचा फटका आपल्याला वाटतो त्याहून मोठा बसतो. कागदावर दर दहा मिनिटांनी बस आहे, तर सरासरी पाच मिनिटं वाट बघावी लागेल ना? ठोक्यावर येत असेल तर हो. पण समजा बस आळीपाळीने अठरा आणि दोन मिनिटांच्या अंतराने येतात. सरासरी अंतर दहाच. मात्र तुम्ही थांब्यावर पोहोचाल ते बहुतेक वेळा अठरा मिनिटांच्या फटीतच, कारण ती मोठी आहे. दोन मिनिटांच्या फटीत सापडणारे भाग्यवान थोडे. हिशेब केला तर सरासरी प्रतीक्षा येते आठ मिनिटांच्या वर. म्हणजे वेळापत्रकही खरं बोलतं आणि थांब्यावरचा कावलेला माणूसही खरं बोलतो. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की माझीच बस नेहमी उशिरा येते, तर त्याला हसू नका. गणित त्याच्या बाजूला आहे.

एवढं सगळं जमवून बस चौकात येते आणि लाल दिव्याशी उभी राहते. कॉरिडॉर जिंकतो किंवा हरतो तो चौकात. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजूला सरळ जायचं असतं, उजवीकडेही वळायचं असतं. उजवीकडे वळणारी मोटार मधल्या बसच्या आडवी येते, म्हणून चारही बाजूंना एकेक करून सोडावं लागतं. दोन मिनिटांच्या फेऱ्यात बसच्या वाट्याला तीस सेकंद हिरवे, नव्वद लाल. अवेळी येणाऱ्या बसचा सरासरी खोळंबा चौतीसेक सेकंद. आता उजवं वळण त्या चौकातून काढून टाका. ज्याला उजवीकडे जायचंय त्याने थोडं पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा. चार टप्प्यांचे दोन होतात, फेरा ऐंशी सेकंदांवर येतो, निम्मा वेळ हिरवा. खोळंबा दहा सेकंद. चौकामागे चोवीस सेकंद वाचले. पंधरा चौकांत सहा मिनिटं, आणि ती बसमधल्या प्रत्येकाची. ज्याचं वळण गेलं तो मात्र त्या दिवसापासून बीआरटीचा कायमचा शत्रू होतो, आणि त्याचा राग मला समजतो. जुन्या महामार्गावर ग्रेड सेपरेटर बांधून सरळ जाणारी वाहतूक चौकाच्या कचाट्यातून सोडवली आहे, पण तेवढा पैसा आणि तेवढी रुंदी सगळीकडे कुठून आणणार?

स्थानकसुद्धा म्हणूनच चौकाला चिकटवत नाहीत, चाळीसेक मीटर तरी मागे-पुढे घेतात. नाहीतर सिग्नलला थांबलेली बस फलाट अडवते आणि फलाटावर उभी बस हिरवा दिवा वाया घालवते.

रस्त्याच्या कातडीचंही सांगितलं पाहिजे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्याचे फेरे बांधून त्यांवर सैनिकांकरवी रात्रंदिवस ट्रक फिरवले, रस्ता कधी मोडतो ते पाहायला. त्यातून निघालं ते असं की आसावरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट नाही, सुमारे सोळापट होते, चौथा घात. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन, भरलेल्या बसच्या मागच्या आसावर दहा टन. वीसपट वजन. वीसचा चौथा घात १,६०,०००. त्या हिशेबाने बसचा एक आस एकदा गेला म्हणजे मोटारीचा दीड लाखाहून जास्त वेळा गेल्यासारखं. वर बीआरटीत प्रत्येक बस त्याच चाकोरीतून जाते आणि त्याच चार हातांत ब्रेक मारते. मे महिन्यात डांबर मऊ झालेलं असतं तेव्हा स्थानकापुढे ते पोळीच्या कणकेसारखं पुढे ढकललं जातं. म्हणून थांब्याजवळ काँक्रीट घालतात. काँक्रीटही खालचा भराव चांगला असेल तरच टिकतं. डिसेंबर २०००मध्ये सुरू झालेल्या, तासाला एका दिशेने चाळीस हजारांवर माणसं नेऊन जगाला थक्क करणाऱ्या बोगोतातल्या ट्रान्समिलेनिओ या बीआरटीच्या लाद्या पहिल्या काही वर्षांतच फुटू लागल्या, दोष लादीखालच्या थरात होता.

बोगोताचा हा आकडा कसा येतो ते आता सांगता येईल. स्थानकाशी दोन लेन. एक थांबणाऱ्या बसची, एक न थांबता पुढे जाणाऱ्या बसची, आणि फलाटावर एकामागे एक अनेक दारं. पण त्यासाठी नेमकी स्थानकाशी जास्त रुंदी लागते, आणि आपल्याकडे रस्ता नेमका तिथंच, जुन्या गावठाणाशी, आकसतो.

पिंपरी-चिंचवडमधली पहिली सेवा, सांगवी फाटा ते किवळे, सप्टेंबर २०१५मध्ये सुरू झाली; नाशिक फाटा-वाकड त्याच वर्षी नोव्हेंबरात. 'रेनबो' हे नाव बसवर आलं, लोक मात्र अजून जुन्या नावाने, पीएमटी आली असंच म्हणतात. सगळ्यात रुंद, सगळ्यात सोयीचा वाटणारा दापोडी-निगडी रस्ता मात्र खूप उशिरा जागा झाला. स्थानकं वर्षानुवर्षं बांधून पडली होती, काचा फुटत होत्या. वेगाने धावणाऱ्या मुख्य रस्त्यावरून बस आत-बाहेर कशी करणार, या सुरक्षेच्या प्रश्नावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आयआयटी मुंबईने तपासणी केली आणि ऑगस्ट २०१८मध्ये बस धावू लागली. आता त्याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रोही जाते, मार्च २०२२पासून. एकाच रस्त्यावर दोन मजली बेत, आणि खालचा वरच्याला प्रवासी आणून देऊ शकतो.

सगळीकडे निभाव लागलेला नाही. दिल्लीचा आंबेडकर नगर-मूलचंद हा पावणेसहा किलोमीटरचा मार्ग २००८मध्ये सुरू होऊन पुढे काढून टाकला गेला. पुण्यात नगर रस्त्यावरचाही उखडला. कारणं प्रत्येक ठिकाणची वेगळी आहेत, पण आरोपपत्रातलं पहिलं कलम सगळीकडे एकच असतं: लेन रिकामी दिसते. अहमदाबादच्या जनमार्ग या बीआरटीने २००९मध्ये सुरुवात केली ती साडेबारा किलोमीटरच्या तुकड्याने, आणि बस, स्थानक, तिकीट एकत्र तयार ठेवून. लोकांनी रिकामी लेन पाहायच्या आधी धावती बस पाहिली. मला वाटतं निम्मी लढाई तिथं होती.

परवा मी मुद्दाम सांगवी फाट्याहून बसने डांगे चौकापर्यंत गेलो. काळेवाडी फाट्याच्या तोंडाशी लेनमध्ये घुसू पाहणाऱ्या एका ॲक्टिव्हाला वॉर्डनने शिटी मारून मागे घेतलं. एक दुचाकी आत शिरली तर बसचं काही बिघडत नाही, पण एक शिरली की दहा शिरतात आणि सिग्नलशी बसच्या पुढे त्यांची रांग लागते. वॉर्डन ते रोज बघत असणार.

पुढच्या स्थानकात बस लागली, उजवं दार उघडलं. फलाटावर एक आजोबा उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, आणि मागे वळून नातीला काहीतरी सांगणं चाललेलं. बोलता बोलताच ते आत आले. मी वेळ लावली होती: दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत आठ माणसं, अकरा सेकंद. आजोबांनी एकदाही खाली पायांकडे पाहिलं नाही.